कुत्रं नसलेली साक्ष

खडवलीचा विश्राम ठाण्याला आला तो गवंड्याच्या हाताखाली दगड उचलायला. पण दगडापेक्षा शपथ उचलायला हलकी असते, हे त्याला लवकरच उमगलं. ठाण्याला आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली होती. गाडीतून वकील उतरले, वकिलांमागून खटले आले, आणि खटला म्हटला की साक्षीदार हवाच. मग विश्राम फौजदारी कचेरीबाहेर पिंपळाखाली बसू लागला. धुतलेलं पागोटं, कपाळाला गंध, आणि चेहरा असा भाबडा की कुणीही डोळे मिटून लेक द्यावी. साक्षीचा रुपया आणि वर खानावळीतलं जेवण.

तत्त्वाचा मात्र तो पक्का होता. खुनाच्या खटल्याला शिवत नसे आणि एकादशीला खोटं बोलत नसे. एकादशीला साक्ष निघाली तर वकिलाला सांगून तारीख पुढे ढकलायला लावी. एवढी चाड हल्लीच्या साक्षीदारांत कुठे?

त्याची खरी खुबी म्हणजे कुत्रं. प्रत्येक साक्षीत तो एक कुत्रं भुंकवत असे. "मी वळून बघितलं रावसाहेब, तेव्हा लाल कुत्रं भुंकत होतं." समोरच्या वकिलाने घाम फुटेस्तोवर उलटतपासणी केली तरी कुत्रं जागचं हलायचं नाही. मॅजिस्ट्रेट रावसाहेबांचा त्या कुत्र्यावर फार जीव. एवढा बारीक तपशील खोटा माणूस कशाला सांगेल, असं ते निकालात लिहीत. त्या न जन्मलेल्या कुत्र्याने कितीतरी माणसं किल्ल्यातल्या तुरुंगात धाडली होती.

एक दिवस प्रभाकरपंत वकिलांनी विश्रामला बोलावलं. एका पेन्शनर शिरस्तेदाराच्या बायकोची नथ मासुंदा तलावाच्या पायऱ्यांवरून नाहीशी झाली होती. आळ आला होता तुळसावर. ही चेंदणीची कोळीण, पायऱ्यांपाशी सुकट विकायला बसायची.

"नथ तुळसाने उचलली, ते तू पाहिलंस," पंत म्हणाले.

विश्राम चपापला. "पंत, त्या दिवशी मी खरंच होतो तिथं."

"मग तर सोन्याहून पिवळं!"

"पण बाईंनी लुगडं झटकलं, तशी नथ उडून पाण्यात गेली. माझ्या डोळ्यांदेखत."

पंतांना त्याची कीव आली. "अरे, तू काय पाहिलंस ते तुला कुणी विचारलंय का? माणूस हलतो तो पैशाने, नाहीतर हुद्द्याने, नाहीतर नावाने. अंतरात्मा वगैरे कीर्तनात शोभतो. हे धर, या खेपेला दोन रुपये."

विश्रामने दोन्ही रुपये घेतले. उगाच त्याला साधुसंत कशाला करा?

खटल्याच्या दिवशी तो ठेक्यात चालत आत गेला. ईश्वरसाक्ष खरं सांगेन, हे म्हणून झालं. कुत्रं जिभेवर तयार होतं. आजवर त्याला पाहून आरोपीच्या तोंडचं पाणी पळायचं. पण पिंजऱ्यातल्या तुळसाचा चेहरा उजळला.

"ह्यो व्हता तिथं, सायेब!" ती ओरडली. "मीच ह्याला म्हनली, पाय घे बाजूला. ह्याला इचारा, ह्यानं समदं पायलंय!"

आपल्याला साक्षीला आलेलं पाहून कुणाला आनंद व्हावा, हे विश्रामच्या जन्मात पहिल्यांदा घडत होतं. त्याने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं, म्हणजे खरं.

तेही धड पडेना. "नथ... नव्हे, लुगडं... बाईंनीच... पाण्यात..." खोटं तो घोकून येई, खरं कधी घोकलंच नव्हतं. पंतांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. रावसाहेब पुढे झुकले.

"आणि कुत्रं?"

"कुत्रं नव्हतं, रावसाहेब."

"दर वेळी असतं."

"दर वेळी मी तिथं नसतो."

कारकुनाचा टाक थांबला. रावबहादुरकीसाठी रावसाहेबांचं नाव नुकतंच वर गेलं होतं. हा आज खरा ठरला, तर त्यांचे मागचे सगळे निकाल तलावात जाणार होते.

"साक्षीदार भांग प्यालेला दिसतो," ते म्हणाले. "यातलं काही लिहू नका."

तुळसा पुराव्याअभावी सुटली. तलावात माणूस उतरवून नथ शोधावी, असं कुणालाच सुचलं नाही. शोधली असती तर विश्रामवर विश्वास ठेवल्यासारखं झालं असतं. पुढे रावसाहेब रावबहादूर झाले. पंतांनी दोन्ही रुपये परत घेतले आणि विश्रामला पिंपळाखालून उठवलं. तो पुन्हा गवंड्याकडे दगड उचलू लागला.

तिथेच एक दिवस तुळसा सुकटीची टोपली घेऊन आली. "घे. मी कोनाचं उपकार ठेवत नाय. पन खरं सांग, तुला कोनी धाडलं व्हतं? किती दिलं?"

"कुणी नाही. पाहिलं ते सांगितलं."

"मला भोळी समजतो काय रे? कचेरीत फुकट कोन बोलतं?"

"देवाशपथ, तुळसाबाई..."

तुळसा पोट धरून हसली. "तुझी शपथ! साऱ्या ठान्याला ठावं हाय तिचा भाव."

विश्रामला ते लागलं, फार लागलं. त्याने हातातला दगड खाली ठेवला. आयुष्यातली एकुलती एक खरी गोष्ट, आणि जिच्यासाठी केली तिलाही ती खपेना.

"कल्याणचा एक शेटजी आला होता," तो शेवटी म्हणाला. "तीन रुपये देऊन गेला. नाव सांगायचं नाही म्हणाला. बरोबर त्याचं लाल कुत्रं होतं, सारखं भुंकत होतं."

"हां, आता कसं पटलं!" तुळसा म्हणाली. टोपली त्याच्यापुढे ठेवून, कुठल्याशा शेटजीला दुवा देत, ती चेंदणीच्या वाटेला लागली.