घरमालक वर राहायला गेले

स्वतःच्या घराविरुद्ध साक्ष देणारे घरमालक मी आयुष्यात एकदाच पाहिले, आणि त्यांची भाडेकरू मी होते हे आजही चारचौघांत मान ताठ करून सांगते. भंडाऱ्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा मी आणि आई त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. काकांनी, म्हणजे या घरमालकांनी, उभी नोकरी वैनगंगेची पातळी मोजण्यात घालवली होती. घाटावरच्या खांबावर रंगवलेले आकडे वाचायचे आणि वहीत लिहून वर कळवायचे, एवढंच ते काम. पण ते ज्या थाटात सांगत त्यावरून ऐकणाऱ्याला वाटावं, नदी यांना विचारूनच चढत असणार. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी सकाळी घाटावर चक्कर मारून आले की फाटकाशी उभे राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पातळी सांगत. दूधवाल्यालाही सांगत, आणि तो बिचारा कारध्याहून पूल ओलांडून, नदी डोळ्यांनी पाहूनच येत असे.

घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. आम्ही जागा पाहायला गेलो त्या दिवशी खोल्या दाखवायला पाच मिनिटं लागली आणि भिंतींची थोरवी ऐकायला दोन तास. प्रत्येक वीट कशी भिजवून घेतली, स्लॅबवर एकवीस दिवस स्वतः कसं पाणी मारलं, सगळं झालं. आईनं विचारलं, ऊन कुठून येतं. त्यांनी सांगितलं, वाळू कुठून आली. भिंतीत खिळा ठोकायला सक्त मनाई होती. कॅलेंडर टांगायचं तर आधी विनंती करायची, मग काका मोजपट्टी घेऊन येत, भिंतीला दोन-चार टिचक्या मारत, कान देऊन ऐकत आणि नकार देत. आमचं कॅलेंडर शेवटपर्यंत फ्रिजच्या दारावरच राहिलं. "मॅडम, माह्या घराले ओल माहीत नाही," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या काकू दाराची कडी पुसत राहिल्या.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात आईच्या खोलीत कुबट वास येऊ लागला. आधी आम्हाला वाटलं, कपडे नीट वाळत नसतील. एक दिवस कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली, कपाटाच्या पाठीवर बुरशी, आणि आत घडी करून ठेवलेल्या आईच्या सुती पातळांवर हिरवट-पांढरी लव. आईला दम्याचा त्रास जुनाच होता, पण पवनीला आमच्या घरी तो कधीमधी यायचा. इथे तो मुक्कामाला आला. डॉक्टरांनी तपासून पहिला प्रश्न विचारला, घरात ओल आहे का.

मी काकांना सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला जणू मी त्यांच्या मुलीच्या स्थळात खोट काढली होती. मग कारणं सुरू झाली. तुम्ही भात फार शिजवता, त्याची वाफ भिंतीत जाते. मावशी (आईला ते मावशी म्हणत) अंघोळीनंतर ओलं पातळ खोलीतच झटकतात. एवढं सांगून झाल्यावर ते कानावर पेन्सिल खोचून वर आले, भिंतीवरच्या डागाभोवती बारीक रेघ ओढली आणि तिच्याशेजारी तारीख आणि वेळ लिहिली. "आता समजते पाणी चढून राहिलं का उतरून राहिलं," म्हणाले. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ आईच्या खोलीत डागाची पातळी घेतली जाऊ लागली. आई खाटेवर धापा टाकत बसलेली आणि काका भिंतीला नाक लावून बोटं मोजताहेत, असं ते दृश्य. मला हसू यायचं आणि रागही. आठ दिवसांत डाग रेघेबाहेर चार बोटं गेला. तेव्हा काकांनी सांगितलं, हा हवेतला ओलावा आहे, आणि ओल न धरणारा म्हणून एक भारी रंग आणून स्वतःच्या हातानं दोन थर दिले. पंधरवड्यात त्या रंगाला फुगे आले आणि त्याचे पोपडे आईच्या अंथरुणावर पडू लागले.

त्या दिवशी माझा संयम सुटला. मी खाली जाऊन म्हटलं, "काका, आईला आडवं होता येत नाही. तुमचं घर चांगलंच असेल, पण आम्ही दुसरी जागा पाहतो." दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात काका, काखेत गादीची वळकटी; मागे काकू, हातात तांब्या आणि चेहऱ्यावर संसारभराचा सोसलेपणा.

"मावशीले खाली न्या," काका म्हणाले. "आमच्या खोलीत राहा. वर मी राहतो, त्याच भिंतीजवळ झोपतो. आठ दिवसांत मले काही झालं नाही, तर भिंत निर्दोष."

मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बाई, यायले नदी समजते, मानूस समजाले वेळ लागते. तू सामान उचल."

आम्ही खाली आलो. चौथ्या दिवशी आई आडवी झोपली. वर मात्र निराळंच चाललं होतं. काकांना खोकला लागला होता आणि तो आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून ते नळ सोडून खोकत. नळ दिवसातून वीस वेळा सुटू लागला. काकूंनी खाली येऊन सांगितलं की ते भिंतीकडे पाठ करून झोपतात आणि पहाटे उठून हळूच तिच्याकडे वळून पाहतात. सातव्या दिवशी ते खाली उतरले. डोळे लाल, आवाज बसलेला. आईसमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मावशी, भिंत खरं बोलत होती. मीच खोटं बोलून राहिलो होतो."

मग त्यांनी छन्नी-हातोडा घेतला. बोलावलेल्या प्लंबरनं न्हाणीघराचा पाइप गळत असणार असं सांगितलं आणि मी करतो म्हणाला, पण त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. आईच्या खोलीला लागून असलेल्या न्हाणीघराच्या फरश्या त्यांनी स्वतः एकेक करून काढल्या. ज्या घरात खिळा ठोकायची बंदी, त्या घरावर घरमालकाचेच घाव पडत होते आणि काकू पाठमोऱ्या बसून भाजी निवडत होत्या. पाइपाच्या वळणावर जोड सापडला. थेंब थेंब पाणी गळत होतं, बहुधा कित्येक वर्षं. जोडाखाली टेकू म्हणून विटेचा तुकडा ठोकलेला होता. तो पाहून काका तिथेच ओल्या चुऱ्यात बसले. बांधकामाच्या वेळी एके दिवशी मिस्त्री आला नव्हता, आणि काकांनी धीर न धरता तो जोड स्वतःच बसवला होता. दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, खोलून पुन्हा करतो. काकांनी त्याला करू दिलं नव्हतं.

दुसरा कोणी असता तर गुपचूप लिंपून मोकळा झाला असता. काकांनी तो जोड धुऊन रुमालात बांधला आणि शेजारच्या चारही घरी नेऊन दाखवला. "हा मी बसवला. मिस्त्री नाही म्हणत होता," एवढंच सांगायचे आणि पुढच्या घरी जायचे. मग स्कूटर काढून कारध्याला गेले, मिस्त्रीला गाठलं. तो आता म्हातारा झालेला, त्याला ना घर आठवत होतं ना जोड. काकांनी त्याला आधी सगळं आठवायला लावलं आणि मग माफी मागितली. परत आले ते असे, जणू सत्कार घेऊन आले. चूक कबूल करतानाही या माणसाची ऐट कमी होत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला त्या ऐटीचाच अभिमान वाटला.

भिंतीचा गिलावा विटांपर्यंत खरवडून ती दिवाळीपर्यंत उघडी ठेवली. आम्ही वर जातो म्हटलं की काका आडवे येत. विटा सुकल्याशिवाय मावशीला वर पाऊल ठेवू देणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं आणि ते आणि काकू वरच्याच पुढच्या खोलीत, आमच्या पुस्तकांच्या खोक्यांमध्ये राहत होते. तीन महिने घरमालक भाडेकरूच्या जागेत आणि भाडेकरू घरमालकाच्या पलंगावर. आई आणि काकू एका चुलीवर आल्या. एकदा काकू आजारी पडल्या तेव्हा आईनं त्यांना आठ दिवस अंथरुणावरून उठू दिलं नाही, आणि काका भात शिजवायला शिकले. तो कच्चा राहिला की ते तांदळाला दोष देत.

दोन वर्षांपूर्वी माझी सिहोऱ्याला बदली झाली. तिथे जागा शोधताना पहिल्याच घरी नव्या घरमालकांनी खोल्या दाखवल्या, नवा रंग दाखवला, नळ सोडून दाखवला. आई सगळं पाहत होती. मग तिनं त्यांना अगदी साधेपणानं विचारलं, "या खोलीत तुम्ही स्वतः कधी झोपले काय?"

ते गृहस्थ हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. आई मात्र उत्तराची वाट पाहत थोडा वेळ तशीच उभी राहिली.