बारा माणसांचं पातेलं

आधीच सांगून टाकतो, थोरल्या वहिनीबद्दल लिहितोय ते तिचं कौतुक करायला नव्हे. कौतुक करायला आमच्या जिभा काही झडल्या नव्हत्या, तरी वीस वर्षांत कुणी केलं नाही. मी रागाने लिहितोय, आणि त्यातला निम्मा राग माझ्या स्वतःवर आहे.

आमचं घर बारा माणसांचं. आम्ही तिघे भाऊ, तिघांच्या बायका, पाच पोरं आणि आई. दुपारचं जेवण रांधणं वहिनीकडे; आम्ही भाऊ आणि पोरं दुपारी घरीच जेवतो. ती शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात जाते, म्हणून अकराच्या आत सगळं रांधून, कामाला जाणाऱ्या दोघी जावांचे डबे भरून, स्वतःचा डबा पिशवीत टाकून बाहेर पडते. रविवारी दुपारी सगळे लोळत असतात तेव्हा ही जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आठवडा मांडत बसते. सोमवारी आणि गुरुवारी मसूर, मंगळवारी हरभरे, बुधवारी अंडी. प्रत्येकापुढे वाट्या लिहिलेल्या. दादापुढे ‘बसून काम, एक’. मी वायरमन, तर माझ्यापुढे ‘शिडीवरचं काम, दोन’. मधला भाऊ तिला प्रथिनमंत्री म्हणतो आणि स्वतःच हसतो.

मंत्र्याला हाताशी तिजोरी तरी असते. हिच्याकडे काय होतं? अंडेवाल्याकडून ती तडा गेलेली अंडी आणते, त्याच दिवशी उकडते. दुकानदाराने बाजूला काढलेले फुटके मसूर आणते. ‘फुटले म्हणून पोटात गेल्यावर कमी का भरतात?’ असं त्यालाच विचारते. शेंगदाणे भाजून वाटते आणि कालवणात घालते, म्हणजे कालवण दाटही होतं आणि चारपर्यंत कुणाला भूकही लागत नाही. हे सगळं तिने कुठल्या वर्गात बसून शिकलेलं नाही. पोरं संध्याकाळी बिस्किटांवर तुटून पडायची, ते बघून शिकली.

आता रागाचं कारण. चार महिन्यांपूर्वी आईच्या नडगीला फाटकाचा पत्रा लागला. जखम साधी, पण भरेना. वहिनीने त्याच दिवशी तक्त्यात आईपुढे लिहिलं, ‘पाय. दीड वाटी, रोज एक अंडं’. तरी जखम जशीच्या तशी. परवा दादा आणि वहिनी आईला घेऊन दवाखान्यात गेले, तर डॉक्टरीणबाई रक्ताचा कागद बघून म्हणाल्या, “यांच्या अंगात प्रथिनंच नाहीत. घरात जेवायला घालता ना आजींना?”

झालं. दादाने घरी येऊन चप्पलही काढली नाही.

“चार लोकांत माझं नाक कापलंस. एवढे तक्ते करतेस आणि माझी आई उपाशी? सोमवारपासून आई ताईकडे राहील. तिथे निदान पोटाला तरी मिळेल.”

“अरे, मला कुठे काय कमी आहे,” आई कोपऱ्यातून म्हणाली. ताईकडे, म्हणजे आमच्या बहिणीच्या सासरी, जायच्या कल्पनेनेच तिचा आवाज बारीक झाला होता. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती या घराबाहेर आठ दिवस राहिलेली नाही. पण आईचं ऐकतो कोण?

वहिनीने भिंतीवरचा तक्ता काढून दादासमोर ठेवला. “बाराजणांचं मोजून रांधते मी. ते कुणाच्या पोटात जातं, ते तुम्ही घरात असता, तुम्ही बघा.”

दादाने कागद बाजूला सारला. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि मधला नि मी खाली मान घालून चहा पीत होतो.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी दुपारच्या जेवणानंतर सुरू होणार होती. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा बंद पडला होता, म्हणून सगळ्यांबरोबर न बसता मी स्टुलावर चढून तो खोलत बसलो. खाली पातेलं होतं. पातेल्याजवळ आई, हातात पळी. आमच्याकडे दुपारचं वाढायचं आईनेच, ते दुसऱ्या कुणाला ती करू देत नाही. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं म्हणतात. आमची वाढपी तर सख्खी आई.

वरून मला पातेल्याचा तळ दिसत होता. आईची पळी सरळ तळाला गेली, खरवडून वर आली आणि सगळे मसूर दादाच्या वाटीत. पुन्हा तळाला, मधल्याच्या वाटीत. मग पोरं. एकदाही तिने ढवळलं नाही. तिच्या वाटणीचं अंडं दादाच्या ताटात गेलं. “मला वातड लागतं,” म्हणाली. दादाने ते तोंडात टाकलंसुद्धा.

सगळे उठल्यावर आईने पातेल्यात गरम पाणी ओतलं, विसळलं आणि ते पिवळसर पाणी भातावर घेऊन जेवायला बसली.

“आई, हे काय खातेस?” मी स्टुलावरून ओरडलो.

“कालवण,” ती म्हणाली. “ओरडायला काय झालं?”

मला ब्रह्मांड आठवलं. त्या तळातले मसूर गेली कित्येक वर्षं मीही खात होतो, आणि वर ढेकर देत होतो!

रात्री मी वहिनीला सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती चिडली. “कारखान्यात उद्या अर्धी सुट्टी टाकते, भाऊजी.”

दुसऱ्या दिवशी वहिनीने आईच्या हातातून पळी घेतली. पातेलं तळापासून ढवळलं, आईचं ताट सगळ्यांच्या आधी मांडलं आणि वाटीशेजारी अंडं ठेवलं.

“अगं, आधी पोरांना वाढ.”

“पोरं पन्नाशीला आली, आई. तुम्ही बसा. माझ्यासमोर जेवायचं.”

मग तिने बाकीच्यांना वाढलं. दादाने वाटीत बघून कपाळाला आठ्या घातल्या. “आज पातळ का केलंस?”

“रोजचंच आहे. आज ढवळून वाढलंय.”

दादा बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आईने पहिला घास घेतला. चावत राहिली. मग वाटी उचलून डोळ्यांजवळ नेली आणि वहिनीकडे बघून विचारलं, “सूनबाई, हे रोज इतकं घट्ट असतं?”