मुलाचं नाक, दिराचे कान

साक्रीच्या आठवडे बाजारात तो पेन्सिलीनं माणसांचे चेहरे काढायचा. पेन्सिल कानावर, खोडरबर दोऱ्यानं गळ्यात. मी बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटत फिरत होतो, त्यामुळे बाजारात कोण कुणाला गंडवतंय यावर माझी नजर असायचीच, त्याच्यावरही होती.

एक म्हातारी आली. नवरा वारलेला, त्याचा एकही फोटो नाही. यानं तिच्या मुलाला आणि दिराला समोर बसवलं, आणि मुलाचं नाक, दिराचे कान कागदावर उतरवायला घेतले!

मी भडकलो. "न पाहिलेल्या माणसाचं चित्र? ही उघड फसवणूक आहे!"

तो हसला. "भाऊ, माणूस जास, नाक घरमाच ऱ्हास." म्हणजे माणूस जातो, पण त्याचं नाक घरातच राहतं!

"मिशी जाड कर रे," दीर म्हणाला.

"बारीक व्हती!" म्हातारी कडाडली. "नवरा मना व्हता, तुना नही!"

खोडरबर फिरलं. मिशी बारीक झाली. त्यानं कागद तिच्यापुढे धरला. म्हातारीनं आधी डोक्यावरून पदर ओढला, मग सगळं गाव हिंडून उशिरा घरी आलेल्या नवऱ्याला दरडावावं तसं त्या कागदाला म्हणाली, "बठ्ठं गाव हिंडीसन आते उनात का?"

सगळे खो खो हसले, तीही हसली. फसवणूक म्हणून ओरडलो मी. पण फसलं कोण, ते आजही कोणी मला दाखवून द्यावं!