मावशींची मोझेल

‘जाऊ दे’ हे दोन शब्द माझ्या बायकोच्या मावशींना कुणी कधी शिकवलेच नाहीत, असं माझं ठाम मत आहे. बाकी त्यांना सगळं येतं. मिरजेच्या शाळेत त्यांनी उभा जन्म भूगोल शिकवला आणि आमचे काका गेल्यावर त्या मुलाकडे ख्राइस्टचर्चला राहायला आल्या. पण आल्या त्या निवृत्त बाई म्हणून नव्हे, शाळेनं न्यूझीलंडला बदली केल्यासारख्या. भूकंपानंतर शहर नव्यानं बांधायचं काम चालू होतं. त्यांचा मुलगा त्याच कामावर इंजिनिअर होता आणि मीही त्याच्याच ऑफिसात. रिकार्टनमध्ये आमची घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मावशींचा निम्मा तास त्यांच्या घरी आणि निम्मा आमच्या घरी भरायचा. सुती साडी, वर मुलाचं जुनं फ्लीसचं जॅकेट, पायात मोज्यांवर घातलेल्या जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, आणि पर्समध्ये होकायंत्र, अशा थाटात त्या फिरत. मुलगा घर विकत घेण्यासाठी बघायला गेला, तर यांनी दिवाणखान्याच्या मधोमध होकायंत्र काढून एजंटला सुनावलं, “या खोलीला हिवाळ्यात ऊन मिळणार नाही. तुमच्याकडे सूर्य उत्तरेतून जातो, हे घर बांधणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं का?” एजंट बिचारा “स्वीट ॲज, स्वीट ॲज”, म्हणजे ‘ठीक आहे, ठीक आहे’, म्हणत बाहेर जाऊन उभा राहिला. घर रद्द झालं. पुढे जे घेतलं, त्यात जूनच्या ऐन हिवाळ्यातसुद्धा मावशी खिडकीशी पाठ शेकत बसायच्या आणि आल्यागेल्याला अक्षांश समजावून सांगायच्या.

या बाईंनी आयुष्यात दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता, हे आधी सांगायला हवं. एका रविवारी आम्ही सगळे वायपाराच्या बाजूला द्राक्षमळ्यातल्या एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. जेवणाआधी एक दाढीवाला माणूस, त्या मळ्याचाच मालक, गिऱ्हाइकांना वाइनची चव देत होता. एका बाटलीवर हात ठेवून तो म्हणाला, “ही रीझलिंग. जर्मनीत मोझेलला करतात ना, त्या धाटणीची.” कोपऱ्यात लिंबूपाणी पीत बसलेल्या मावशी ताडकन उठल्या. “मोझेल? ऱ्हाइनची उपनदी. डाव्या बाजूनं येते. कोब्लेंझला मिळते.” हे त्या आपल्या खास मिरजेच्या इंग्रजीत म्हणाल्या, तेही वर्गात म्हणतात तेवढ्या आवाजात. दाढीवाल्याचा हात बाटलीवर तसाच राहिला. तरुणपणी त्यानं त्याच नदीकाठी द्राक्षं खुडायचं काम केलं होतं. “तुम्ही तिथे गेला आहात?” त्यानं विचारलं. “नाही. शिकवलंय,” मावशी म्हणाल्या, आणि उभ्या उभ्या त्यांनी त्याला धडा म्हणून दाखवला: खडे उतार, दक्षिणेकडे तोंड, काळा पाटीचा दगड, दिवसा ऊन पिऊन घेतो आणि सूर्य गेल्यावर वेलींना परत देतो, म्हणून एवढ्या उत्तरेला, एवढ्या थंडीत द्राक्ष पिकतं. तो भारावून म्हणाला, “मग चवीबद्दल तुमचं काय मत?” मावशी आपल्या लिंबूपाण्याकडे परत गेल्या. धडा अर्धा सोडून जाताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. परतीच्या वाटेवर गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, “इतकी वर्षं पोरांना शिकवलं, जावईबापू, आणि ते लागतं कसं हे मला ठाऊक नाही. ही काय शिकवण्याची रीत झाली?”

झालं. दुसऱ्या दिवसापासून मोझेल सुरू झाली. लायब्ररीतून नकाशे आले. जुन्या घरांचं पाडकाम करणाऱ्या माणसाकडून मावशींनी छपराच्या स्लेटचे, म्हणजे त्याच पाटीच्या दगडाचे तुकडे मागून आणले, माझ्या गाडीच्या डिकीतून, आणि अंगणात टोमॅटोच्या रोपांभोवती रचले. संध्याकाळी ऊन उतरलं की त्या खुर्ची टाकून बसत आणि थोड्या थोड्या वेळानं दगडावर तळहात ठेवून बघत. मी गेलो की माझाही हात धरून ठेवत. “अजून कोमट आहे की नाही? आणि इकडे मातीवर ठेवा. बघा. गार!” शेजारच्या बाईनं कुंपणावरून विचारलं, कुणी गेलंय का, म्हणजे हे स्मारक वगैरे आहे का. मावशींनी तिला आत बोलावलं आणि तिचाही हात दगडावर ठेवला. त्या वर्षी टोमॅटो खरंच लवकर पिकले. शेजारीणबाई पिशवीभर घेऊन गेल्या.

चव घेण्याचं प्रकरण जास्त नाजूक होतं. मावशी वाइन चहाच्या चमच्यानं घेत, डोळे मिटून, काढा घेतल्यासारखी. पहिला चमचा घेतला तेव्हा तोंड असं केलं की सून पाण्याचा ग्लास घेऊन धावली. पण मावशींनी हात वर करून तिला थांबवलं. “थांब. पन्हं आहे हे. कैरीचं. साखर आहे, पण आंबटपणा साखरेला वर येऊ देत नाही.” मग हळूहळू त्यांना एकेक सापडत गेलं. त्या जर्मन बाटल्यांवर द्राक्ष किती पिकल्यावर खुडलं याच्या पायऱ्या लिहिलेल्या असतात. आम्हाला त्या काही केल्या लक्षात राहत नसत. मावशींनी सोपं करून टाकलं: पहिली पायरी म्हणजे पाडाला आलेला आंबा, दुसरी म्हणजे अढीतून काढलेला, तिसरी म्हणजे देठाशी सुरकुतलेला, जो घरातल्या मोठ्या माणसांना आवडतो. एकदा दाढीवाल्यानं मोठ्या प्रेमानं जपून ठेवलेली एक जुनी बाटली त्यांच्यासाठी उघडली. मावशींनी ग्लास नाकाशी नेला आणि स्वच्छ सांगितलं, “याला रॉकेलचा वास येतोय.” मुलानं कपाळाला हात लावला. नात पुटपुटली, “आजी, दॅट्स सो एम्बॅरसिंग.” दाढीवाला मात्र काउंटरवर थाप मारून हसायला लागला. जुन्या रीझलिंगला नेमका तोच वास येतो, आणि जाणकार त्यासाठीच ती राखून ठेवतात, असं त्यानं सांगितलं. मावशींच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. स्टोव्ह पेटवण्यात ज्यांची अर्धी हयात गेली, त्यांना रॉकेल ओळखायला कुणाच्या शिफारशीची गरज नव्हती.

अर्थात, बातमी फुटलीच. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी सगळ्यांसमोर गोड आवाजात विचारलं, “मावशी, तुम्ही म्हणे हल्ली घेता?” मुलगा लांबून ऐकत होता, त्याला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. मावशींनी तिळगूळ खाऊन संपवला आणि म्हणाल्या, “घेते. चमच्यानं. रविवारी चार वाजता या, तुम्हालाही देते. येताना चमचा आणा, माझ्याकडे थोडेच आहेत.” रविवारी तीन बायका आल्या. चमचे घेऊन.

पण चव कळल्यावर मावशींचं समाधान होण्याऐवजी भूक वाढली. आता त्यांना तो उतार चढायचा होता. “नकाशावरच्या रेघा दाट आहेत म्हणजे चढ खडा, हे मी हजार वेळा सांगितलं असेल. किती खडा, हे पायांना कळू दे की एकदा.” मुलगा म्हणाला, “आई, तुझं वय बघ.” “बघितलं. म्हणून तर घाई आहे.” साडीखाली बूट चढवून त्या रोज शहरालगतच्या पोर्ट हिल्स या डोंगरांची वाट चढायला लागल्या. शनिवारी-रविवारी मी सोबत असायचो. सुरुवातीला पहिल्या बाकापर्यंत, मग दुसऱ्या, मग थेट वर, जिथून एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र दिसतो. त्या वर पोचल्या त्या दिवशी त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ‘किया ओरा’ असा तिथला माओरी नमस्कार केला. जर्मनीला जायचं ठरलं. मुलानंही अखेर मान डोलावली.

आणि मग एका सकाळी, अर्ध्या वाटेवर, मावशी एका दगडावर बसल्या. चेहरा घामानं डबडबलेला, हात छातीवर. मी फोन काढला. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “इथे चढ किती अंशांचा असेल हो?” मी अँब्युलन्सला पत्ता सांगत होतो आणि त्या उत्तराची वाट बघत होत्या.

हृदयात स्टेंट बसला. लांबचा प्रवास आणि चढ, दोन्हीला डॉक्टरांनी नाही म्हटलं. मुलगा त्यांच्या पलंगाशी बसून म्हणाला, “आई, आता पुरे.” मला वाटलं, आता तरी त्या ‘जाऊ दे’ म्हणतील. पण घरी येऊन जरा हिंडूफिरू लागल्यावर त्यांनी मला वायपाराला गाडी न्यायला लावली. दाढीवाला ऑक्टोबरमध्ये मोझेलच्या खुडणीला जाणार होता. मावशींनी त्याला समोर उभं करून सांगितलं, “मग माझा उतार तू चढ. मी फोनवर सांगते, कसा ते.” तो साठीला टेकलेला, पोट सुटलेला माणूस. पण ‘नाही’ म्हणायची त्याची काय टाप होती!

ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे मावशींच्या घरी जमलो. तिकडे सूर्य मावळतीला आलेला, आमच्याकडे नुकतं फटफटत होतं. मावशी इस्त्रीची साडी नेसून, केस बांधून, टेबलाशी ताठ बसल्या होत्या. फोनच्या पडद्यावर दाढी आली आणि मागे वेलींच्या रांगा, छपरासारख्या तिरप्या. “स्लोली, स्लोली,” मावशी सांगत होत्या. “सूर्य पाठीवर घे. आता पाय आडवे टाक.” तो चढत होता, धापा टाकत होता, मधेच हसत होता. पायाखालचे दगड खडखडत खाली जात होते, ते आम्हाला ऐकू येत होतं. अर्ध्यावर त्यांनी त्याला थांबवलं. सूर्य डोंगराआड गेल्यावर म्हणाल्या, “आता दगडाला हात लाव.” तो वाकला. जरा वेळानं म्हणाला, “टीचर, किटलीला हात लावल्यासारखं वाटतंय.” मावशींनी मान डोलावली. मग तो माथ्यावर पोचला आणि त्यानं फोन फिरवला. खाली नदी होती. डोंगराला जवळजवळ पूर्ण वळसा घालून ती परत आली होती, संथ, रुंद, आभाळाच्या रंगाची. मावशी पडद्यावर वाकल्या, तसा इतका वेळ दाराशी उभा असलेला मुलगा पुढे आला आणि त्यानं फोन आपल्या हातात धरला. अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर. “फळ्यावर मी नदी फार अरुंद काढत होते,” मावशी हळूच म्हणाल्या.

मग रेंज गेली आणि पडदा काळा झाला. सून चहा टाकायला उठली. मी मावशींना विचारलं, “झालं ना मनासारखं?” बाहेर आता चांगलं उजाडलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“सगळं दिसलं हो,” त्या म्हणाल्या. “फक्त दम त्याला लागला. तो मला लागायला हवा होता.”