नावासकट वाजवलेलं गाणं

"माझं नाव माइकवर घेऊ नका," असं मी ज्या माणसाला तोंडावर सांगितलं होतं, तो आज पहाटे गेला.

हिराजीदादा. कुंभिवलीचे साऊंडवाले.

आपल्याकडे हळद म्हटली की साऊंड आलाच. खालापूरपासून कर्जतपर्यंत कितीतरी मांडवांत दादांचे स्पीकर लागायचे. माणूस काळासावळा, कमी बोलणारा आणि हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं न ऐकणारा.

त्यांचा एकच नियम होता. गाणं विकत घेतलेलं पाहिजे. आधी कॅसेट, मग सीडी.

नवऱ्याचे मित्र पेनड्राइव्ह घेऊन यायचे. "दादा, हे लावा ना, एकदम नवीन हाय."

"इकत घेतलंस?"

"डाउनलोड केलंय."

"मंग तुज्या कानात वाजव. माज्या भोंग्यातून चोरीचं निंगनार नाय."

पोरं चिडायची. पुढच्या हळदीला दुसरा साऊंड सांगायची. दादांना फरक पडायचा नाही. म्हणजे पडत असणार, पण दाखवायचे नाहीत.

आता माझं सांगते. बऱ्याच जणांना माहीत नाही.

कॉलेजला असताना आम्ही पाच जणांनी मिळून हळदीच्या गाण्यांची एक सीडी काढली होती. पनवेलच्या एका स्टुडिओत दोन दिवसांत रेकॉर्डिंग. त्यात एक गाणं मी गायलं होतं.

दादांना मी कौतुकाने सीडी द्यायला गेले. घेतली नाही. "कर्जतच्या दुकानातून कवाच आनलीय गं. फुकट नको."

आणि ते गाणं लावायच्या आधी ते माइक हातात घ्यायचे. गायिकेचं नाव, गाव, सगळं सांगायचे. मगच गाणं.

मला मनातून किती भारी वाटायचं!

एका हळदीत नाव ऐकून पोरांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर कुणीतरी मागून मला नावाने हाक मारली. बाबांच्या कानावर गेलं. तेव्हा माझी स्थळं बघणं चालू होतं.

बाबा मला गाडीवर बसवून थेट कुंभिवलीला घेऊन गेले. स्वतः गाडीवरून उतरलेच नाहीत. "तूच सांग," म्हणाले.

दादा वायर गुंडाळत होते.

"दादा, गाणं वाजवा, पण माझं नाव नका घेऊ."

त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तुला सोताला वाटतंय, का बाबा बोलतात?"

"मलाच वाटतंय."

धडधडीत खोटं बोलले.

"मंग गानं पन नाय वाजवनार. नाव पुसून वाजवायचं त ती पन चोरीच झाली ना. इकत घेतलं म्हनून काय झालं?"

त्यांनी ती सीडी माझ्यासमोर फळीवर ठेवून दिली. परत कधीच लावली नाही.

पण गाणं थांबलं नाही. कुणीतरी ते नेटवर टाकलं. मग शिळफाट्याच्या मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डात, कार्डातून रिंगटोनला, रिंगटोनमधून डीजेकडे. खरं बोलायचं तर डाउनलोड झालं नसतं तर ते गाणं तेव्हाच मेलं असतं. सीडी घेणारे होतेच किती?

माझ्याकडची शेवटची सीडी मामांनी नेली ती परत आलीच नाही. म्हणून मीसुद्धा माझंच गाणं फुकट डाउनलोड केलं. हसू नका. मोबाइलवर गायकाच्या जागी लिहिलं होतं, ‘अननोन आर्टिस्ट’.

लग्नानंतर दिराच्या हळदीत डीजेने तेच लावलं. सगळा मांडव नाचत होता. नणंदेने माझा हात ओढला. "वहिनी, भारी हाय ना! कुनी गायलंय गं?"

"माहीत नाही," म्हणाले मी. आणि नाचले.

त्या "माहीत नाही"ची लाज मला अजून वाटते.

दिवाळीच्या आधी दादा शिळफाट्याच्या बाजारात भेटले. किडनीच्या आजाराने पार वाळले होते. साऊंड विकून टाकला होता.

"बाबा गेलं ना तुजं? कललं मला." मग म्हणाले, "आता घेऊ का नाव?"

मी हसले. "दादा, साऊंड कुठंय आता?"

"तेच त. माज्याच्यानं नाय व्हायचं आता. तू घे."

मी हो हो म्हटलं, भाजी घेतली आणि घरी आले. कुणालाही काही सांगितलं नाही.

आज त्यांच्या घरी गेले. ओटीवर बायका बसल्या होत्या. एकीने विचारलं, "तुमी कोन त्यांच्या?"

काय सांगणार? नात्याची नाही, गावची नाही.

म्हटलं, "मी पूर्वी गायचे. दादा माझं गाणं वाजवायचे."

भिंतीला टेकून बसलेल्या दादांच्या बायकोने, वहिनींनी, मान वर केली. रडून रडून डोळे सुजले होते.

"सुजाता ना गं तू? पलसदरीची?"

मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते.

माझ्या सासरी, माझ्या ऑफिसात जे कुणालाच माहीत नाही, ते त्या घरात माहीत होतं. मला तिथेच रडू फुटलं. वहिनींनीच मला जवळ घेतलं, खरं तर मी त्यांना धीर द्यायला गेले होते.

म्हणून आज हे लिहिते आहे.

सासरच्यांनो, ऑफिसवाल्यांनो, माझ्या नणंदबाई, तुम्ही सगळे ज्यावर नाचलात ते गाणं मी गायलंय.

मी, सुजाता. पळसदरीची.

दादा, तुमच्या हयातीत एवढं झालं नाही माझ्याकडून. माफ करा.

तुमच्या आठवणीला माझा नमस्कार.