ऑटोवाल्याला आवडलेली भेंडी

मुलगी अकरावीत होती तेव्हाची गोष्ट. जबलपुरात मी रेल्वेच्या ऑफिसात, नवरा फॅक्टरीत. सकाळी सातच्या आत तीन डबे भरायचे आणि तिघं तीन दिशांना. संध्याकाळी तिचा डबा रिकामा आला की मला बरं वाटायचं. पोर वाळत चालली होती, पण डबा तर साफ असायचा. उंची वाढतेय, अभ्यासाचा ताण आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. खरं सांगायचं तर मला ते आवडतही होतं. लहानपणापासून ती गुबगुबीत. आता कॉलनीतल्या बायका तिचा बारीक झालेला बांधा बघून कौतुकानं विचारायच्या, "भाभी, क्या खिलाती हो?" मी नुसती हसायचे.

एकदा तापामुळे मी घरी होते. सकाळी तिला न्यायला ऑटो आला, तेव्हा फाटकापर्यंत गेले. चालवणारा भैया म्हणाला, "आंटी, कल की भरवां भिंडी बहुत अच्छी थी. घरवाली पूछ रही थी, मसाले में क्या डालती हैं."

मला आधी काही उमगलंच नाही. त्यानं आपणहून सांगितलं, "बिटिया रोज दे देती हैं. कहती हैं, मम्मी ज्यादा रख देती हैं." मागच्या सीटवर मुलीनं मान फिरवली.

त्या दिवशी मी तिचं कपाट उघडलं. स्वेटरच्या घडीत कागदात गुंडाळलेल्या पोळ्या होत्या, रात्री आमच्यासमोर बसून खाल्ल्याचं दाखवलेल्या. काही कडक झालेल्या, काहींना बुरशी. मी एकेक बाहेर काढली. अकरावी लागल्यापासून आठ महिने ही मुलगी माझ्याकडे बघून "मस्त झालं होतं, आई" म्हणत होती.

ती आल्यावर मी विचारलं, "काहून केलं असं? मी पहाटे उठून कोणासाठी करून राहिले इतके दिवस?"

तिनं बराच वेळ बोटातली अंगठी फिरवली. ती सैल झाली होती. मग म्हणाली, "भूक लागते, आई. पण खाल्लं की डर लगता है. मग दिवसभर तेच डोक्यात." आणि रडायला लागली. "पप्पांना नको सांगू. मावशीला तर बिलकुल नको."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

तो शब्द दोन दिवस टिकला. नागपूरच्या बहिणीचा फोन आला आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. कुणापाशी तरी मला रडायचं होतं. बहीण म्हणाली, "नखरे आहेत सगळे." संध्याकाळी घरच्यांच्या ग्रुपवर तिनं लिहिलं, 'लेकीला जबरदस्तीनं खाऊ घाला, डबे वाटून राहिली ती.' खाली हसरे चेहरे आले.

मुलीनं फोन माझ्यासमोर धरला. "तूने बताया?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यानंतर तिनं आमच्यासमोर खाण्याचं नाटकही सोडून दिलं.

तीन आठवड्यांनी शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती कोसळली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली ती कितीतरी वेळ सोडली नाही. ठोके फार मंद होते. "पाळी कधीपासून बंद आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नियमित आहे. मुलगी छताकडे बघत म्हणाली, "पाच महिने." दर महिन्याला ती माझ्या कपाटातून पॅड घेऊन जात होती. मला दिसावं म्हणून.

मनाच्या डॉक्टरांनी समजावलं, हा आजार आहे, हट्ट नाही. लपवायला आजारच शिकवतो. डोक्याला ते पटलं. पण पुढे कितीतरी महिने ती बाथरूममध्ये गेली की उलटीचा आवाज येतो का म्हणून मी दाराला कान लावायचे, आणि बाहेर आल्यावर ती मला तिथेच उभी बघायची.

दोन वर्षं लागली. मध्ये एकदा पुन्हा सगळं बिघडलं, पुन्हा सलाइन. नवरा रोज संध्याकाळी तिच्यासोबत जेवायला बसू लागला, काही न बोलता, तिचं होईपर्यंत. आता ती कॉलेजला जाते. तीन वेळा जेवते, हळूहळू. गळलेले केसही परत आले. बहिणीशी मी अजून तुटक बोलते, जरी चूक तिच्या आधी माझी होती.

मागच्या आठवड्यात कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं." मी हातातली चादर तशीच धरून थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं, क्षणभर विचार केला.

"नहीं, रहने दो," म्हणाली, आणि उरलेले चिमटे माझ्या हातात देऊन आत गेली.