लँडलाइनवरची भूमिती

शाळा बंद होऊन सगळे वर्ग मोबाइलवर गेले, त्या वर्षी मी बडोद्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला गणित शिकवत होते. रोज सकाळी पडद्याकडे बघत ‘आवाज येतोय का?’ असं विचारायचं. मग कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी ऐकायची आणि तिलाच हजेरी समजायचं.

वर्गात एक मुलगी होती. भूमितीत तिच्याइतकं डोकं चालणारं मूल मला बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं. वर्ग ऑनलाइन झाले आणि ती दिसेनाशीच झाली. मधूनच एखादा आठवडा सलग यायची, मग गायब. शेवटी मी तिच्या घरी फोन केला, तर तो वडिलांनी उचलला. ते बडोद्याजवळ नंदेसरीला, एका केमिकल कारखान्यात नोकरीला होते.

“बाई, घरात फोन हा एकच. तो माझ्याबरोबर येतो. पण प्लांटमध्ये मोबाइल चालत नाही, गेटवर जमा करावा लागतो.”

म्हणजे ज्या फोनमध्ये माझा वर्ग भरत होता, तो दिवसभर नंदेसरीच्या गेटवरच्या कपाटात पडून! वडिलांना रात्रपाळी असली की फोन सकाळी घरी असायचा. पण मग ते झोपलेले असायचे आणि खोली एकच. पोरगी जिन्यात बसून, माझा आवाज अगदी बारीक करून शिकायची. तिच्या गायब होण्याचं सगळं कोडं पाळीत होतं, आणि मी तिला आळशी ठरवायला निघाले होते.

मुख्याध्यापिकांना हे सांगितलं. त्या वाईट नव्हत्या, पण वरून रोज हजेरीचा आकडा मागत होते.

“बेन, ॲपमध्ये तिचं नाव लाल दिसतंय. पालकांना समजवा.”

“काय समजवू? कारखाना बंद करा म्हणून?”

“रेकॉर्डिंग पाठवा ना. ती सवडीने बघेल.”

“कशावर बघेल?”

 मग त्या म्हणाल्या, “तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण ॲपमध्ये त्यासाठी पर्याय नाही.”

‘ॲपमध्ये पर्याय नाही’ हे वाक्य त्या वर्षात मी इतक्यांदा ऐकलं की देवाच्या दारीसुद्धा हेच ऐकायला मिळणार असं वाटू लागलं.

मार्ग निघाला तो मुलीच्या आईमुळे. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक गुजराती बा एकट्या राहायच्या आणि त्यांच्याकडे जुना लँडलाइन होता. नागरवाड्यातल्या आमच्या घरीही तो होता. सासऱ्यांनी हट्टाने ठेवलेला. दुपारी बांचं जेवण आटोपलं की मी फोन लावायचा, असं ठरलं.

पण फोनवर भूमिती शिकवायची कशी? पहिल्या दिवशी मी सवयीने म्हणाले, “आता हा कोन बघ.”

“कुठला, बाई?”

मी कपाळावर हात मारला. हा, तो, इथे, तिथे – माझं अर्धं शिकवणं या शब्दांवर उभं होतं, हे मला तेव्हा कळलं. मग आम्ही दोघी एकाच वेळी आपापल्या कागदावर आकृती काढू लागलो. प्रत्येक रेघेला नाव, प्रत्येक पायरीला कारण. ते सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी डोळे मिटून ऐकायची.

“केंद्रातून जीवेवर लंब टाकला. आता जीवेच्या दोन्ही टोकांना त्रिज्या जोडते.”

“का?”

“दोन काटकोन त्रिकोण मिळतात म्हणून. कर्ण सारखे, एक बाजू सामाईक. म्हणजे एकरूप. म्हणजे जीवेचे दोन भाग सारखे!”

मागून बांचा आवाज यायचा. “बेन, छोकरीने पाणी तो पीवा दो!”

पडद्यावर चाळीस चौकटींशी बोलताना जे समाधान मिळत नव्हतं, ते इथे मिळायचं. पण नाव लालच राहिलं. मी पुन्हा भांडले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “निदान तासाचा स्क्रीनशॉट तरी पाठवा.”

“लँडलाइनचा स्क्रीनशॉट?”

“काहीतरी पुरावा लागेलच ना.”

मी संतापून आमच्या टेलिफोनचाच फोटो काढला, भरतकामाच्या रुमालासकट, आणि पाठवून दिला. वाटलं, आता तरी यातला वेडेपणा कळेल. उलट त्यांनी तो पुढे पाठवला, तिथून तो आणखी वर गेला, आणि आठवड्याभरात निरोप आला: या नावीन्यपूर्ण उपक्रमावर बेननी शिक्षकांसाठी वेबिनार घ्यावा. वेळ दुपारची. म्हणजे आमच्या भूमितीचीच. मी वेळ बदलून मागितली. मिळाली नाही. लँडलाइनवर कसं शिकवावं हे सांगण्यासाठी त्या दिवशी मी लँडलाइनवर शिकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, “बाई, काल का नाही फोन केला?”

“वेबिनार होता.”

“कशावर?”

सांगितलं. ती इतकी हसली की बांनी रिसीव्हर काढून घेतला. “शुं थयुं, बेन?” मी गुजरातीत सगळं समजावलं. बा म्हणाल्या, “गांडा छे बधा,” आणि रिसीव्हर परत दिला. सगळे वेडे आहेत. इतकं नेमकं मूल्यमापन त्या वर्षी दुसऱ्या कुणी केलं नाही.

पुढे शाळा उघडली. मुलगी दहावीला गणितात छान उत्तीर्ण झाली आणि विज्ञान शाखेला गेली. ॲप मात्र अजून आहे. नवीन आवृत्ती आली आहे, आता त्यात शिक्षकांनाही हजेरीसाठी रोज स्वतःचा चेहरा दाखवावा लागतो. माझा चष्मा त्याला चालत नाही. तो काढला, तर कुठे बघायचं ते मला दिसत नाही. मी तक्रार केली आहे. पर्याय नाही म्हणतात.